मुलुंडहून मनोरीला, एका आवाजाच्या मागे

आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या अंकात दरवर्षी कोणाचा तरी प्रवास छापून येतो. कोणी केरळला जाऊन हाउसबोटीत झोपतं, कोणी सिमल्याला जाऊन बर्फात घसरतं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई तर दुबईला जाऊन उंटावर बसल्या. या वर्षी कमिटीवाले मला म्हणाले, भाऊ, तुम्ही लिहा. बहुतेक दुसरं कोणी कुठे गेलं नसावं. मी चौथी शिकलेला माणूस, जन्म गेला टेम्पो चालवण्यात. पण गेल्या थंडीत मीही एक प्रवास केला, तो लिहितो. मुलुंड ते मनोरी. वाटेत घाटकोपर, अंधेरी, बोरिवली. तुम्ही म्हणाल, हा काय प्रवास झाला? पण मला आठवडा लागला, आणि तुमच्यातलं कोणी ज्या कामाला गेलं नसेल त्या कामाला मी गेलो होतो. माझ्या गाडीत एक आवाज येत होता. तो मला धरायचा होता.

आधी गाडीचं आणि बायकोचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

गाडी जुनी, पांढरी, छोटी. रिटायर झाल्यावर घेतली. बायको मालती, मूळची मनोरीची, कोळ्याची मुलगी. आमचं घर मालवणकडचं. तिच्या घरी कालवणात चिंच, आमच्या घरी कोकम, यावरून आम्ही सारा संसार भांडलो. ती गेल्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं.

माझा डावा कान कामाचा नाही. जुन्या टेम्पोत इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या मांडीला लागून असायचं, वर नुसतं पत्र्याचं झाकण. त्या इंजिनाने कान खाल्ला. एका कानाच्या माणसाला आवाज येतो, पण कुठून येतो ते कळत नाही. कोणी हाक मारली की मी भोवऱ्यासारखा फिरतो. गाडीत त्याची अडचण नव्हती, कारण माझ्या डाव्या बाजूला मालती बसायची. तीच माझा डावा कान. गाडी कुईकुई करायला लागली की म्हणायची, मागचं रबर सुकलंय. वळताना कटकट आली की म्हणायची, पुढच्या चाकाचा जॉइंट गेला. सगळ्या खड्ड्यात धप्प धप्प झालं तर शॉकअप संपले, आणि वेगाबरोबर घर्रघर्र वाढली तर बेअरिंग. हे मीच तिला शिकवलं होतं, पण ऐकायची ती. मिस्त्रीकडे गेल्यावर मी नुसतं सांगायचो, डावीकडे, मागे, खालून. मिस्त्री तिथेच हात घालायचा.

ती गेली आणि थोड्याच दिवसांत गाडीत नवा आवाज सुरू झाला. टक्. एकदाच. खड्ड्यात जाताना नाही, खड्ड्यातून वर येताना. दारावर बोटाच्या पेराने कोणी मारावं तसा.

मुलगा संदीप बोरिवलीला राहतो, वांद्र्याला ऑफिस. त्याला सांगितलं. तो येऊन माझ्या शेजारी बसला, आम्ही पाच रस्त्याच्या चौकातून चक्कर मारली, आवाज नाही. पुन्हा एका रविवारी बसला, आवाज नाही. मधे माझ्या हातून गेटला घासून बाहेरचा आरसा तुटला होता, तेही त्याच्या डोक्यात होतं. शिवाय एकदा त्याने मला पार्किंगमध्ये गाडीत एकट्याने बोलताना पाहिलं. मी बोलतो. लपवायचं काय त्यात. ज्या सीटशी सारा जन्म बोललो तिच्याशी आता गप्प बसायचं, हे मला जमत नाही.

तो खाली मान घालून म्हणाला, "पप्पा, आवाज गाडीत नाहीये."

गाडीत नाही म्हणजे कुठे आहे ते मला कळलं. पोरगा वाईट नाही, घाबरला होता. मी त्याला सांगितलं, आईच्या वर्षश्राद्धापर्यंत मुदत दे. त्या रविवारपर्यंत मी आवाज दाखवला नाही तर चावी तुझी, गाडी विक, मला बोरिवलीला घेऊन जा, मी परत तोंड उघडणार नाही. त्याने मान हलवली. आणि सोमवारी सकाळी मी निघालो.

मुलुंड, सोमवार

पहिला मुक्काम घराजवळच. चेकनाक्याकडे अन्वर मिस्त्रीचं गॅरेज आहे. अन्वर माझ्याच वयाचा, आम्ही एकमेकांना टेम्पोच्या दिवसांपासून ओळखतो. सिमल्याला जाणारे पहिल्या दिवशी डोंगर बघतात, मी अन्वरचं टक्कल बघितलं. तो गाडीच्या एकेका कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर देऊन गाडी खाली दाबत होता आणि सोडत होता. गाडी एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप चांगला, डुलत राहिली तर गेला. चारही कोपरे चांगले. मग चाकं हवेत उचलून हलवली. ढिली नाहीत.

मग म्हणाला, चल, चक्कर मारू. माझ्या शेजारी बसला आणि आम्ही कॉलनीतल्या सगळ्यात वाईट रस्त्याने गेलो. पाइपलाइनसाठी खणून ठेवलेला, वर नुसती माती टाकलेला. आवाज नाही. मग अन्वर चालवायला बसला, मी शेजारी. तरी नाही. परत आल्यावर त्याने बायकोने दिलेला डबा उघडला, माझ्यापुढे सरकवला. खिमा होता. माझ्या घरी आता डबा भरणारं कोणी नाही हे त्याला माहीत आहे, पण तो ते बोलत नाही, डबा सरकवतो.

जेवताना म्हणाला, "भाऊ, गाडी तर माझ्यापेक्षा फिट आहे. तुला नक्की येतो ना?"

मी म्हटलं, तुला काय वाटतं, मी तुझा खिमा खायला नाटक करतो? तो हसला. मी गाडी काढली, एकटा निघालो, आणि त्याच्या गॅरेजच्या पुढच्याच स्पीडब्रेकरवर टक्. मी मागे वळून त्याला हाक मारली. तो परत येऊन शेजारी बसला. आवाज गायब. डॉक्टरसमोर गेल्यावर खोकला थांबतो ना, तसं.

घाटकोपर, मंगळवार

घाटकोपरला स्पेअर पार्टवाले जयंतीभाई. दुकान पार्टचं असलं तरी मागच्या गल्लीत त्यांचे दोन मिस्त्री काम करतात. मुलुंडहून तिथे जाताना भांडुपपासून कांजूरपर्यंत रस्ता खणलेला, सगळीकडे पत्रे लावलेले. माझ्या गाडीला एवढे खड्डे मिळाले की ती टकटक करत सुटली. मला बरं वाटलं. म्हटलं, अशीच वाजत राहा, आज तुला धरतो.

जयंतीभाई पोटाने भारी. ते स्वतः चक्कर मारायला शेजारी बसले तेव्हा गाडी डावीकडे झुकली. सबंध गल्ली फिरलो, टक् नाही. पण दुकानदार माणूस आवाज नाही म्हणत नाही. ते म्हणाले, काका, असा आवाज म्हणजे लिंक रॉड. मीही हट्टाला पेटलो होतो, म्हटलं बदला. लिंक रॉड म्हणजे चाकापासून आडव्या दांड्याला जोडणारा हातभर तुकडा, त्याच्या टोकाच्या गोळ्या झिजल्या की टकटक करतो. दोन्ही बाजूचे बदलले, रबराचे बुश बदलले.

काम होईपर्यंत त्यांनी मला खाऊ गल्लीत पाठवलं. तिथे डोशाला काय काय करतात ते लिहायला मला वेगळा अंक लागेल. वर चीज किसतात, आत भाज्या, कापून त्याचे उभे रोल करतात आणि चटणीत उभे करून देतात. माणूस डोसा खायला आलाय का मांडव बघायला, कळत नाही. चवीला वाईट नव्हता. पण शेजारच्या टेबलावर एक म्हातारं जोडपं एकाच प्लेटमधून खात होतं, म्हातारी त्याला सांगत होती की चटणी कमी घे, खोकशील. मी पटकन खाल्लं आणि उठलो.

जयंतीभाईंनी जाताना दुकानातला छास पाजला. मी एकटा निघालो. विक्रोळीपर्यंत रस्ता नवा, गप्प. मला वाटलं जिंकलो. कांजूरला पत्र्यांच्या मधून जाताना टक्. मी गाडी बाजूला घेतली. मग सीटला म्हटलं, ऐकलंस ना? आता मला सांग कुठून आला. सीट काही बोलली नाही. मी एवढाही गेलेलो नाही की बोलेल असं मला वाटावं.

अंधेरी, बुधवार

अंधेरीला मरोळच्या बाजूला एक मोठं वर्कशॉप आहे. नाव लिहीत नाही, तिथली माणसं चांगली होती आणि दोष त्यांचा नव्हता. पवई तलावाच्या कडेने गेलो. सकाळच्या वेळी तलावावर धुकं होतं, पाण्याच्या कडेने माणसं पळत होती, सगळ्यांच्या कानात गोळ्या. मला हेवा वाटला. दोन्ही कान धड असून बंद करून पळतात.

तिथे ओळीने लिफ्ट, फरशी अशी की वर बसून जेवावं. गॅरेजमध्ये बूट काढावे का काय असं वाटलं. एक मुलगी आली, निळा शर्ट, केस मागे बांधलेले, इंजिनियर. माझं सगळं ऐकून घेतलं, घाई केली नाही. गाडी लिफ्टवर चढवली, टॉर्च घेऊन खाली शिरली, मलाही खाली बोलावलं. गाडीचं पोट मी पुष्कळदा बघितलंय, पण जमिनीवर उताणं पडून. असं उभं राहून, देवळातल्या घंटेकडे बघावं तसं वर बघत, पहिल्यांदाच. तिने एकेक नट हलवला, मला एकेक जागा दाखवली. स्प्रिंग बघितली. स्प्रिंग ज्या वाटीत बसते त्या वाटीत चिखल वाळून दगड झाला होता. खालचा वेढा त्यात बुजलेला, दिसत नव्हता. वरचे सगळे वेढे धड होते. ती म्हणाली, स्प्रिंग ठीक आहे. मीही म्हणालो, ठीक आहे.

मग चक्कर. तिथला नियम असा की गिऱ्हाईकाने चालवायचं आणि मिस्त्रीने शेजारी बसून ऐकायचं. ती बसली, दाराला कान लावून. आवाज नाही. मग ती चालवायला बसली, मी तिच्या शेजारी. नाही. तिने मला कॉफी मशीनजवळ नेलं, कागदी पेल्यात कॉफी दिली आणि हळूच विचारलं की घरी कोण कोण असतं. मी सांगितलं. ती म्हणाली की तिच्या आजोबांनाही आजी गेल्यावर दाराची बेल ऐकू यायची.

पोरगी प्रेमाने बोलली. मी कॉफी संपवली आणि निघालो. पण सांगतो, अन्वर आणि जयंतीभाई बोलले ते मला लागलं नाही, हे लागलं. घरी परत जायच्याऐवजी मी गाडी आरे कॉलनीत घातली. तिथे झाडीतून रस्ता जातो, मधे तबेले, शेणाचा वास, आणि स्पीडब्रेकर इतके की बिबट्यानेसुद्धा जपून चालावं. पहिल्याला टक्. दुसऱ्याला टक्. मी काच खाली केली, उजव्या कानाला हात लावला, मान बाहेर काढली, मान आत घेतली. आवाज होता. बेल नव्हती. दूधवाला सायकलवरून जाताना माझ्याकडे बघत गेला. मी ठरवलं, वेडा असलो तर असलो, पण रविवारपर्यंतचा वेडा आहे, आधी हात वर करणार नाही.

बोरिवली, गुरुवार

गुरुवारी संदीपकडे मुक्काम, कारण शुक्रवारी मनोरीला जायचं होतं. मालतीची थोरली बहीण हिराबाय मनोरीला एकटी राहते, तिला वर्षश्राद्धासाठी आणायचं ठरलेलं. माणसाला मनोरीला जायचं तर मार्व्याच्या जेट्टीवरून होडीने पाच मिनिटांत पोचतो. पण होडीत चारचाकी चढत नाही. गाडीला दहिसर, भाईंदर, उत्तन, गोराई असा मोठा वळसा पडतो. मालतीला तो वळसाच आवडायचा. येताना सुकी मासळी भरून आणता यायची आणि सगळ्या वाटेवर समुद्र दिसायचा.

सून रूपाने माझ्यासाठी मऊ भात केला होता. मी काही आजारी नव्हतो, पण खाल्ला. संदीपने विचारलं, काय म्हणाले सगळे? मी खरं सांगितलं, कोणालाच आला नाही. तो म्हणाला, उद्या माझ्या गाडीने जाऊ या का, मी सुट्टी घेतो. मी म्हटलं नाही. रविवारपर्यंत माझी आहे, माझ्याच गाडीने जाणार. त्याने जास्त ताणलं नाही. तिकडे एक खोली रिकामी केलेली मी बघितली. नवी चादर, खिडकीला जाळी. माझ्यासाठीच असणार. खोली चांगली होती. मला त्या खोलीत जायचं नव्हतं.

मनोरी, शुक्रवार

भाईंदर सोडलं की मुंबई संपते असं वाटतं आणि ते खोटं आहे, पण डोळ्यांना बरं वाटतं. मिठागरं, मग चढ, मग उत्तनला बांबूचे आडवे दांडे लावून त्यावर बोंबील वाळत घातलेले, ओळीच्या ओळी. वास असा की काच लावा नाहीतर प्रेमात पडा. गोराईच्या पुढे रस्ता अरुंद, दोन्ही बाजूला ताड, मधूनच एखादा क्रूस. गाडी सारी वाट वाजत आली. मीही मोजणं सोडून दिलं होतं.

हिराबाय दारातच बसली होती. माझ्यापेक्षा मोठी, पाठीत वाकलेली, पण लुगडं अजून कासोट्याचं आणि आवाज बाजारात मासळी विकलेला. बायकोची थोरली बहीण म्हणजे आकडसासू. जावयाने तिला सासूइतका मान द्यायचा आणि तिनेही जावयापासून अंतर राखायचं. समोर आली की पदर डोक्यावर, आणि जावयाच्या शेजारी कधी बसायचं नाही. पाटावर नाही, बाकावर नाही, गाडीत नाही. आमच्या मालवणात एवढं कोणी पाळत नाही, पण त्या घरात पाळतात. सारा जन्म तिने मला वाढलं ते दारामागून हात लांब करून.

त्या दिवशीही तसंच वाढलं. तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी, ओल्या बोंबलाचं कालवण. चिंचेचं. मी पहिला घास घेतला आणि हात थांबला, कारण ही चव मी वर्षभरात खाल्ली नव्हती. दारामागून ती म्हणाली, कोकम घालू का, जावयबापू? मी म्हटलं, राहू द्या, आज असंच बरंय.  मग आतून तिचं नाक ओढल्याचं ऐकू आलं. ते कुठून आलं हे कळायला डावा कान लागला नाही.

मनोरी ते बोरिवली, शनिवार

सकाळी निघालो. हिराबाय मागच्या सीटवर बसली, डाव्या खिडकीशी, मांडीवर सुक्या मासळीची पिशवी. नेहमीसारखीच. मालती असतानाही ती मागेच बसायची. गाव संपायच्या आत, जिथे पाण्याचा नळ फुटून रस्ता खचलाय, तिथे गाडी खड्ड्यातून वर आली. टक्.

मागून आवाज आला, "जावयबापू, पुढं कोन ठोकतंय?"

मी ब्रेक मारला. मासळीची पिशवी खाली पडली. मी विचारलं, तुम्हाला ऐकू आलं?

"मंग मी काय भैरी हाय?"

 एवढ्या माणसांना फिरवलं, लिफ्टवर चढवलं, आणि या बाईला पहिल्याच खड्ड्यात ऐकू आलं. मी गाडी मागे घेतली, परत त्याच खड्ड्यातून काढली. टक्. ती म्हणाली, आला बघा. मी म्हटलं, कुठून? ती म्हणाली, पुढून, पण नीट सांगता येत नाही, मधे सीट आहे. मग मी म्हटलं, तुम्ही पुढे येऊन बसा आणि सांगा.

ती तयार होईना. मालूच्या जागेवर मी बसणार नाही, म्हणाली, आणि तुमच्या शेजारी तर नाहीच, गाव बघतंय. गाव खरंच बघत होतं. नाक्यावरच्या कट्ट्यावर चार म्हातारे बसले होते. मी गाडीतून उतरलो, मागचं दार उघडलं आणि हात जोडले. तिला सगळं सांगितलं. हा आवाज तुम्ही दाखवला नाहीत तर उद्या माझी गाडी गेली आणि मी त्या जाळीच्या खोलीत गेलो. आजवर हे मी कोणाला असं सांगितलं नव्हतं.

ती उतरली. डोक्यावर पदर घट्ट ओढला, तोंड खिडकीकडे केलं आणि पुढच्या सीटवर अशी बसली की अर्धी दाराबाहेर. कट्ट्यावरून एक जण म्हणाला, बाय, चांगली बैस, पडशील. ती म्हणाली, तू तुझी विडी ओढ.

मी गाडी खड्ड्यातून काढली. आवाज नाही. पुन्हा काढली. नाही.  म्हटलं, संपलं, आता हिलाही वाटणार की म्हाताऱ्याच्या नादाने आपल्यालाही भास झाला. ती वैतागली, उतरली, परत मागे जाऊन बसली. पुढे निघालो. खड्डा. टक्.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आरशातून.

मी गाडी बंद केली. एकेक माणूस आठवला. अन्वर, शेजारी बसला. जयंतीभाई, शेजारी बसले. अंधेरीची पोरगी, शेजारी. संदीप, शेजारी. आणि ज्या ज्या वेळी दुसऱ्याने चालवली, त्या त्या वेळी मी स्वतः त्या सीटवर. आवाज ऐकायला जो आला तो त्या सीटवर बसला. ती सीट भरली की आवाज बंद. ती सीट रिकामी ठेवून ऐकायला कोणी बसलंच नव्हतं. बसणार तरी कोण? गाडीत दोनच माणसं असली की दुसरा पुढेच बसतो. मागे बसायला आकडसासूच लागते.

खात्री करायला हिराबायला मी आणखी दोनदा पुढेमागे केलं. कट्ट्यावरचे उभे राहून बघायला लागले. विडीवाला म्हणाला, बाय, तुला जायचंय का नुसतं चढउतार करायचंय? ती म्हणाली, जावय माझा येडा नाय, ते तपासतेय. एवढं बोलून ती मागे जाऊन बसली आणि दार आपटलं.

बोरिवलीपर्यंत ती प्रत्येक टक् ला मागून हुं म्हणत होती.

संदीप खाली आला. सवयीने पुढच्या दाराला हात घातला. हिराबाय मागून म्हणाली, पुढं नाय, माझ्याजवळ ये. तो माझ्याकडे बघत मागे बसला. त्यांच्या बिल्डिंगबाहेर रस्ता एका बाजूने फोडलेला आहे. मी तिथून हळू काढली. टक्. मी आरशात बघत होतो. त्याचा चेहरा हलला नाही. मी गाडी वळवली, परत काढली. टक्.

तो पुढे वाकला. माझ्या खांद्याच्या मागून म्हणाला, "पप्पा, येतोय." मग थोडं ऐकून, "डावीकडे. पुढे. चाकाच्या खालून."

त्याची आई असंच सांगायची. याच क्रमाने. त्याने ते कधी शिकून घेतलं मला माहीत नाही, लहानपणी मागच्या सीटवर बसून ऐकलं असेल. मी म्हटलं, ठीक आहे, मग चल मुलुंडला. आणि रूपाला वर हाक मारून सांगितलं की हा संध्याकाळी येईल.

पुन्हा मुलुंड

अन्वरला मागे बसवलं. पहिल्या स्पीडब्रेकरला तो माझ्या गळ्यात पडायचा बाकी राहिला. मग त्याने डावं पुढचं चाक काढलं, वाटीतला चिखल फोडून काढला, आणि तिथे सापडलं. स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा तुटलेला. तुकडा वाटीत पडून होता. सीटवर वजन असलं की वरची स्प्रिंग तुकड्यावर दाबून बसते, हलत नाही. वजन नसलं की खड्ड्यातून वर येताना ती उचलली जाते आणि परत आपटते. टक्.

अन्वर म्हणाला, "याचं टोक टायरमध्ये घुसलं असतं ना भाऊ, तर उद्या दोघांचं श्राद्ध एकदमच घातलं असतं."

संदीपने तुकडा हातात घेऊन बघितला. मी अन्वरला विचारलं, कधी तुटला असेल? त्याने तुटलेली जागा अंगठ्याने घासली. आतपर्यंत गंज होता. मनोरीची खारी हवा. म्हणाला, जुना आहे, वर्षाच्या आधीचा. म्हणजे मालती त्या सीटवर बसत होती, दवाखान्याच्या फेऱ्या चालू होत्या, तेव्हाच तो तुटलेला होता. तिच्या वजनाने गप्प होता. मी यात जास्त काही वाचत नाही. लोखंड आहे, गंजतं. पण ते ऐकल्यावर मी बाहेर जाऊन थोडा वेळ रस्त्याकडे बघत उभा राहिलो, हेही खरं आहे.

रविवारी वर्षश्राद्ध झालं. हिराबायने कालवण केलं नाही, त्या दिवशी मासळी नाही, पण आमटीत चिंच घातली. संदीपने जेवल्यावर चावीचा विषय काढला नाही. जाताना फक्त म्हणाला, आरसा मी बसवून देतो. सोमवारी जयंतीभाईंकडून नव्या स्प्रिंग आल्या, दोन्ही बाजूंना बसवल्या. एकीकडे नवी आणि एकीकडे जुनी घालू नये, गाडी तिरकी चालते. जुन्या भंगारात टाकल्या, तुकड्यासकट.

मंगळवारी हिराबायला सोडायला पुन्हा मनोरीला. ती मागे, डाव्या खिडकीशी. मी म्हटलं, आता बसायचं असेल तर बसा पुढे. ती म्हणाली, ते कामापुरतं होतं. भाईंदर, मिठागरं, उत्तनचे बोंबील. उत्तनच्या उताराला मोठा खड्डा आहे. गाडी आत गेली, वर आली. मी थांबलो ऐकायला. काही नाही. सीट रिकामी आणि काही नाही. पुढच्या खड्ड्यालाही मी थांबलो. मागून हिराबाय म्हणाली, गेला तो, आता चालवा. मी चालवली.

एवढाच प्रवास. तुमच्यातल्या कोणाच्या गाडीत आवाज येत असेल आणि दुसऱ्या कोणाला येत नसेल, तर एवढं करा. जो ऐकायला येईल त्याला मागे बसवा. शेजारची सीट रिकामी ठेवा, आणि मग खड्ड्यातून काढा.